मोटारीची चकाकी

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं शहरांतील अनेक घरांच्या आवारांत एक देखावा हमखास दिसतो. देवघरांतील समई आणि दाराबाहेरील मोटार या दोहोंची एकाच वेळीं घांसपूस चाललेली असते. उद्यां मोटारीस झेंडूची माळ घालावयाची, तेव्हां ती आरशासारखी दिसली पाहिजे, असा घरधन्याचा आग्रह असतो. आग्रह रास्तच आहे. चूक होते ती समईचा न्याय मोटारीस लावण्यांत.

समई आंतबाहेर पितळेची असते. चिंच लावून राखेनें घांसली, तर वरचा भाग किंचित् झिजतो; पण खालीं पुन्हां पितळच असतें. मोटारीची सारी शोभा मात्र पातळ थरांत सांठविलेली असते. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर आधीं अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण असतें. चकाकी असते ती या रोगणाची. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून अधिक नाहीं. हें रोगण एकदां झिजून गेलें, कीं नव्यानें रंगविण्यावांचून गत्यंतर नसतें.

या रोगणाचा खरा वैरी म्हणजे कोरडा फडका. धुळींतील वाळूचे कण रोगणापेक्षां कठीण असतात. धुळीवरून फडका फिरविला, कीं प्रत्येक कण लेखणीसारखा ओरखडा काढतो. उन्हांत मोटारीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या वर्तुळाकार रेषा दिसतात, त्या अशाच उमटलेल्या असतात. पहाटे एका बादलींत दहा मोटारी पुसणाऱ्या गड्यास मालक त्याबद्दल बोल लावतो. पण त्या गरिबास पुरेसें पाणी आणि स्वच्छ फडका देण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. दोष त्याच्या हाताचा नसून बादलीच्या तळाशीं बसलेल्या गाळाचा असतो.

म्हणून मोटार सावलींत उभी करावी, पत्रा निवूं द्यावा आणि प्रथम नुसतें पाणी ओतून धूळ वाहूं द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीसाठीं मिळणाऱ्या सौम्य साबणाचें पाणी, दुसरींत फडका खळबळण्यासाठीं साधें पाणी. वरून खालीं येत जावें. चाकें शेवटीं धुवावीं, व त्यांचा फडका वेगळा ठेवावा. पांखरांची वाळलेली विष्ठा खरवडूं नये; ओला फडका ठेवून ती भिजूं द्यावी व अलगद उचलावी. मात्र या कामीं दिरंगाई करूं नये, कारण उन्हांत ती रोगणास खाते.

पॉलिश आणि मेण हीं एकच, असा पुष्कळांचा समज आहे. पॉलिशमध्यें बारीक घर्षक पूड असते. ती ओरखड्याच्या कडा झिजवून पृष्ठभाग सपाट करते. म्हणजे प्रत्येक पॉलिश थोडें रोगण खर्च करतें. मेण उलट वर एक थर चढवितें. ब्राझीलमधील कार्नौबा नांवाच्या ताडाच्या पानांपासून मिळणारें मेण यासाठीं प्रसिद्ध आहे. पॉलिश क्वचित् करावें, मेण वरचेवर लावावें.

आतां चकचकीत पट्ट्यांविषयीं. पूर्वीं मोटारींवर निकेलचा मुलामा असे. तो काळवंडे, म्हणून सारखा घांसावा लागे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस क्रोमियमचा मुलामा रूढ झाला. तोहि निकेलवरच चढवितात, आणि पुष्कळदां त्याची जाडी एका मायक्रॉनहून कमी असते. क्रोमियम गंजत नाहीं. जुन्या बंपरवर दिसणारे तांबूस ठिपके मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर आलेल्या लोखंडाच्या गंजाचे असतात. मुंबई, रत्नागिरीसारख्या ठिकाणीं खारी हवा हें काम लवकर करते. असा ठिपका अल्युमिनियमच्या पातळ कागदाचा ओला बोळा हलक्या हातानें फिरविल्यास बहुधा निघतो. नंतर धुऊन, कोरडें करून मेण लावावें. हल्लींच्या अनेक पट्ट्या प्लॅस्टिकवर मुलामा दिलेल्या असतात. त्यांस साबणाचें पाणी व मऊ फडका पुरे. चिंच, राख आणि काथ्या यांनीं समईपाशींच थांबावें.

यंदां दसऱ्यास मोटार उजळावयाची असेल, तर घरधन्यानें गड्याच्या हातीं आणखी एक बादली पाणी आणि दोन धुतलेले फडके द्यावे. मोटारीची चकाकी त्यांतच टिकेल, आणि गड्यासहि विनाकारण बोल ऐकावा लागणार नाहीं.