एका मिलिव्होल्टाचा अभ्यास

ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतून आलेले प्राध्यापक, मिरज-सांगली-कराडहून रुग्णांच्या वेळापत्रकातून सवड काढून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी मित्रहो, कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या या काळ्या मातीत, इस्लामपुरात, स्वागत समितीच्या वतीने तुमचे मनःपूर्वक स्वागत करतो. जैववैद्यक अभियांत्रिकीतील प्रगत इलेक्ट्रॉनिक मंडले हा परिषदेचा विषय. त्याबद्दल माझे एकच म्हणणे आहे: ही मंडले फळ्यावर आणि पडद्यावर शिकवून भागणार नाही, ती विद्यार्थ्याच्या हातून उभी राहिली पाहिजेत. आणि हे काम आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातच अधिक निकडीचे आहे.

ईसीजीचेच उदाहरण घेऊ. छातीवर पोहोचणारा हृदयाचा संकेत असतो जेमतेम एक मिलिव्होल्टाचा. इलेक्ट्रोड कातडीला टेकला की तिथे स्वतःचा एक स्थिर व्होल्टेज तयार होतो. दोन इलेक्ट्रोडमधला त्याचा फरक 300 मिलिव्होल्टांपर्यंत जाईल असे धरूनच यंत्र बांधावे लागते. संकेत लहान आहे म्हणून पहिल्याच टप्प्यात त्याला हजारपट करायला जावे, तर हा फरकही हजारपट होऊ पाहतो. पाच व्होल्टांवर चालणारा अॅम्प्लिफायर तिथेच टेकतो आणि हृदयाचा ठोका उमटतच नाही. त्यात भिंतीतल्या तारांमधून 50 हर्ट्झची वीज अंगावर चढते, ती संकेताच्या कितीतरी पट. दोन्ही इलेक्ट्रोडवर ती सारखी आली तर इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर ती वजा करतो. 100 डेसिबलचा म्हणजे हे सामायिक व्होल्टेज संकेताच्या तुलनेत लाखपट दाबणारा. पण एका इलेक्ट्रोडखालची जेली सुकली की दोन वाटांचा अवरोध सारखा राहत नाही, आणि जी वीज वजा व्हायची तीच संकेताचे सोंग घेऊन आत शिरते. डेटाशीटवरचा आकडा तोच असतो, कागदावरची रेघ मात्र थरथरते. उजव्या पायाचा इलेक्ट्रोड अंगावरची हीच वीज उलटी करून शरीराला परत देण्यासाठी असतो, हे पाठ करणारा विद्यार्थी वेगळा आणि ती तार काढून रेघेचे काय होते ते पाहिलेला वेगळा.

यावर आक्षेप येतो, की हे सगळे आता एका चिपमध्ये तयार मिळते. मिळते, आणि ती चिप वापरावीच. पण कोणता फिल्टर लावायचा हे चिप ठरवत नाही. अतिदक्षता विभागात रेघ स्थिर राहावी म्हणून 0.5 हर्ट्झखालचे गाळले तर सहसा चालते. निदानासाठीच्या ईसीजीत 0.05 हर्ट्झपर्यंतचे जपावे लागते. तिथे चुकीचा फिल्टर बसला तर एसटी भाग खालीवर सरकलेला दिसू शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्याचा निर्णय करताना डॉक्टर नेमका तोच भाग पाहतात. दुसरा आक्षेप सॉफ्टवेअरचा: गोंगाट नंतर संगणक काढील. काही प्रमाणात काढतोही. पण टेकलेल्या अॅम्प्लिफायरने जे टिपलेच नाही ते कुठलीही गणितरीत परत आणू शकत नाही. सुरक्षिततेचे तर त्याहून कठीण. घरातले गळती-संरक्षक साधन साधारण 30 मिलिअँपिअरला सुटते. थेट हृदयाशी जोडायच्या भागातून नेहमीच्या स्थितीत 10 मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळती चालत नाही. म्हणजे मर्यादा तीन हजारपट कडक, आणि ती पाळायची ती मंडलाच्या विलगीकरणातून.

मग कोणी म्हणेल, उपकरणे पुण्या-बंगळुरात बनतात, इस्लामपूरने एवढे खोलात कशाला जावे? कारण उपकरणे चालतात ती इथे. सरकारी दवाखान्यांतील यंत्रांची देशभर मोजदाद झाली, तेव्हा राज्याराज्यांत 13 ते 34 टक्के यंत्रे बंद आढळली. त्यातूनच 2015 च्या सुमारास देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. बंद यंत्रामागे अनेकदा वाईट अर्थिंग किंवा तुटलेली इलेक्ट्रोडची तार एवढेच कारण असू शकते, पण ते ओळखायला मंडल समजणारा माणूस जवळ हवा. आपल्याकडे सांगलीत 1947 पासून वालचंद महाविद्यालय आहे, राजारामनगरात 1983 पासून राजारामबापू इन्स्टिट्यूट आहे, आणि तासाभराच्या वाटेवर मिरज आहे, जिथे डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय काढले. त्याच मिरजेत तंबोरे घडतात. घोडीवर तार टेकते तिथली जव्हारी मोजपट्टीने लागत नाही; कारागीर कानस घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. हा कान वर्गात बसून येत नाही. एका मिलिव्होल्टाचा कानही तसाच तयार व्हावा लागतो, म्हणून अभ्यासक्रमात प्रयोगशाळेचे तास कापून सिम्युलेशनवर भागवण्याला माझा विरोध आहे.

मिरज आणि कराडहून आलेल्या डॉक्टरांना एक विनंती. आपल्या रुग्णालयांत वापरातून काढलेले मॉनिटर, ईसीजी यंत्रे, ऑक्सिमीटर निर्जंतुक करून महाविद्यालयांना द्या, आणि रेघ कुठे खोटी वाटली होती तेही चार ओळींत लिहून सोबत ठेवा. विद्यार्थ्यांनी शेजारच्या दालनात टेबले मांडली आहेत, सोल्डरिंग आयर्न तापवून ठेवले आहेत. चहानंतर आपण सर्वांनी तिकडे यावे.