अपरिचित संगणक-भाषा वर्गापुढे मांडताना
(वार्षिक मेळाव्याच्या विद्यार्थी सत्रातील भाषण)



आपल्यापैकी अनेकांची मुले येथील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकत आहेत. त्यांच्या वाट्याला कधी ना कधी एक कसोटी येते. वर्गात न शिकविलेली एखादी संगणक-भाषा निवडावयाची, तिचा स्वतः शोध घ्यावयाचा आणि पंधरा-वीस मिनिटांत ती सहाध्यायांपुढे मांडावयाची. ज्याच्या घरात या विषयाचे नावही कोणी पूर्वी घेतले नव्हते, त्या मुलाला हे काम डोंगराएवढे वाटते. मग तो जवळची वाट धरतो. भाषेचा जन्म केव्हा झाला, निर्माता कोण, वैशिष्ट्ये कोणती, गुण किती, दोष किती, अशी यादी उतरवून घेतो. आता तर ती यादी यंत्रच क्षणार्धात लिहून देते. परंतु यादी वाचून संपते, शिक्षक एक साधा प्रश्न विचारतात आणि बोलणाऱ्याची वाचा बसते. वर्गातले ते मौन मुलाच्या मनावर फार दिवस राहते, म्हणून हा विषय आज मुद्दाम निवडला आहे.

माझे म्हणणे एवढेच की, अपरिचित भाषेकडे जाताना 'तिच्यात काय काय आहे' हा प्रश्न मागाहून विचारावा. 'ती करणाऱ्याची अडचण कोणती होती' हे प्रथम शोधावे. ए.पी.एल. या भाषेचे उदाहरण घेऊ, कारण तिचा जन्मच मुळी शिकविण्याच्या गरजेतून झाला.

केनेथ आयव्हर्सन यांचा जन्म १९२० साली कॅनडातील आल्बर्टा प्रांतात झाला. १९५४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविल्यावर ते तेथेच शिकवू लागले. संगणकावर माहितीची जुळवाजुळव कशी करावी, हे फळ्यावर समजावून सांगताना प्रचलित गणिती चिन्हे त्यांना अपुरी पडू लागली. एकाच चिन्हाचे ठिकठिकाणी निरनिराळे नियम, आणि संख्यांच्या संपूर्ण रांगेविषयी एका दमात बोलण्याची सोय नाही. म्हणून त्यांनी स्वतःची लिपी घडविली. पुढे ते आय.बी.एम.मध्ये गेले, १९६२ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि त्या पुस्तकाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून भाषेला ए.पी.एल. हे नाव मिळाले. यंत्रावर तिचा सर्वत्र वापर सुरू झाला तो १९६६ नंतर. म्हणजे आधी माणसाला समजावे म्हणून लिहिलेली लिपी, आणि मागाहून यंत्राची भाषा! हे एवढे वर्गाला सांगितले, तरी ऐकणारा सावरून बसतो.

यानंतर वैशिष्ट्यांच्या मागे न धावता एकच ओळ फळ्यावर लिहावी. चार विद्यार्थ्यांचे गुण घ्या : ३५, ६०, ७५, ५०. सरासरी काढावयाची आहे. आपल्या नेहमीच्या भाषांत आरंभी बेरीज शून्य धरावी लागते, मोजणीची खूण ठेवावी लागते आणि एकेक आकडा उचलून मिळवीत जावे लागते. ए.पी.एल.मध्ये अधिक चिन्हापुढे तिरकी रेघ दिली की, पुढची सारी रांग एकत्र बेरजेत येते. ग्रीक 'रो' अक्षरासारखे एक चिन्ह रांगेत किती आकडे आहेत ते सांगते. बेरीज कंसात, मग भागाकाराचे चिन्ह, मग 'रो' आणि रांगेचे नाव. झाले! उत्तर ५५.

आता वर्गाला विचारावे, कंस पुसून टाकला तर काय होईल? येथे भाषेचा स्वभाव उघडा पडतो. ए.पी.एल.मध्ये गुणाकार आधी, बेरीज नंतर, असा मानपानच नाही. सर्व क्रियांचा दर्जा समान, आणि उजवीकडचे आधी सोडवावयाचे. ३ × ४ + ५ याचे उत्तर आपण १७ सांगतो, ए.पी.एल. २७ सांगते. कारण चिन्हे इतकी झाली की, कोणाचा मान आधी याचा तक्ता लक्षात ठेवणे अशक्य. त्यापेक्षा सर्वांना एकच नियम बरा. तेव्हा कंस नसेल तर आधी प्रत्येक गुणाला ४ ने भागले जाईल आणि मग बेरीज होईल : ८.७५, १५, १८.७५ आणि १२.५. एकूण पुन्हा ५५! दोन वाटांनी एकच उत्तर का आले, यावर पाच मिनिटे चर्चा होऊ द्यावी. ही पाच मिनिटे वीस स्लाइडांहून मोलाची आहेत, असे मी अनुभवाने सांगतो. मात्र ओळ आधी स्वतः चालवून पाहिलेली हवी. आज ए.पी.एल. ब्राउझरमध्ये विनामूल्य चालविता येते, त्यामुळे ती सबब उरलेली नाही.

दोष सांगतानाही हीच दृष्टी ठेवावी. 'वाचावयास कठीण' एवढे लिहून भागत नाही. त्या काळी ही चिन्हे उमटविण्यासाठी टंकयंत्रात वेगळा मुद्रागोल बसवावा लागे, आणि काही चिन्हे तर एक छापून, मागे सरकून, त्यावर दुसरे छापून तयार होत. (आपल्या जुन्या मराठी टंकलेखकांना हा खटाटोप सांगावयास नको.) ज्याच्याजवळ असे यंत्र नाही, त्याला भाषेचे दार बंद. माझ्या मते ए.पी.एल. थोड्यांची राहिली याचे एक मोठे कारण हेच. आयव्हर्सन यांना १९७९ साली ट्युरिंग पारितोषिक मिळाले. विचाराचे साधन म्हणून चिन्हलिपी, हाच त्यांच्या त्या वेळच्या व्याख्यानाचा विषय होता. तरीही १९९० साली त्यांनीच रॉजर हुई यांच्यासह 'जे' ही नवी भाषा केली, आणि तीत सर्वसाधारण कळफलकावरील चिन्हेच वापरली. आपली देखणी लिपी त्यांनी का सोडली, हा प्रश्न शिक्षक विचारण्याआधी विद्यार्थ्यानेच वर्गापुढे ठेवावा.

उच्चाराची, इंग्रजीच्या लकबीची चिंता मुलांना असते. फळ्यावरची ओळ आपण स्वतः चालविलेली असेल, तर लकब कोणी मोजत नाही.

यंदा ज्यांच्यापुढे हे काम आहे, त्यांनी भाषा निवडण्यापूर्वी चहाच्या सुटीत मला अवश्य भेटावे. कागद-पेन्सिल सोबत आणावी.