‘परत पाठवला’ म्हणजे ‘नाकारला’ नव्हे

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शिक्षणाचं महत्त्व मी तुम्हाला सांगणार नाही. ते ठाऊक आहे म्हणूनच कुणी कसाऱ्याहून लोकल पकडून, कुणी टोकावड्याहून एसटीने इथे आलं आहे. मला बोलायचंय शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल. काही वर्षं मी या दोन तालुक्यांतल्या मुलामुलींना अर्ज भरायला मदत करते. माझा अनुभव असा, की अर्ज अडकलेली बहुतेक मुलं शिष्यवृत्तीला पात्रच असतात. त्यांचे कागद एकमेकांशी जुळत नाहीत, आणि अर्ज अडकलाय हे त्यांना कुणी सांगत नाही.

आधी आपल्यासाठी काय आहे ते बघू. मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. पहिली ते आठवीची केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही त्याच सुमारास थांबली. त्यामुळे ‘आता मुसलमानांना काहीच मिळत नाही’ असं घरोघरी बोललं जातं. ते खरं नाही. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या घरांसाठी ओबीसीच्या योजना आहेत.

मुलींनी एक तारीख लक्षात ठेवावी : ८ जुलै २०२४. त्या दिवशीच्या शासन निर्णयाने, व्यावसायिक अभ्यासक्रमाला सरकारी कॅप प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. खुल्या वर्गातल्या शेख, पठाण, सय्यद घरांनाही निकषांत बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला मिळतो. तो धर्म बघून दिला जात नाही.

आता अर्ज कुठे अडकतो ते सांगते.

पहिली गाठ नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहंमद’, बँकेत नुसतं ‘मो.’. शाळेत ‘शेख’ आधी, आधारवर शेवटी. आईचं नाव रेशनकार्डावर ‘बी’ लावून, दुसरीकडे ‘बानो’. आपल्या घरात ही सगळी एकच माणसं असतात, संगणकाला ती वेगळी वाटतात. दहावीची गुणपत्रिका मूळ धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून केंद्रावर जाण्याआधी स्पेलिंग कागदावर लिहून न्या. धाकटी भावंडं अजून शाळेत असतील तर त्यांची नावं आत्ताच तपासा. शाळा सुटल्यावर तेच काम फार जड जातं.

दुसरी गाठ बँकेची. खातं आधारला ‘लिंक’ असणं आणि डीबीटीसाठी ‘सीड’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक चार खाती असतील, पण सरकारी पैसा एकाच खात्यात येतो, जे शेवटचं सीड झालंय त्यात. सिमकार्ड घेताना मोबाईलवर उघडलेलं एखादं पेमेंट बँकेचं खातं असतं, ते आपण विसरलेलोही असतो. कुठलं खातं सीड आहे हे आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरा आणि पोच घ्या.

तिसरी गाठ मोबाईलची. ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात महागात पडणारी. सायबर कॅफेवाला अर्ज भरताना स्वतःचा नंबर टाकतो, पासवर्डही त्याच्याकडेच राहतो. गेल्या वर्षी मुरबाडकडची एक मुलगी भेटली. उत्पन्नाच्या दाखल्याचा स्कॅन पुसट होता म्हणून कॉलेजने अर्ज परत पाठवला होता. मेसेज गेला कॅफेवाल्याला. दोन महिने घरात सगळे समजत होते, की सरकारने नाकारलं. अब्बा म्हणाले, ‘यंदा राहू दे, धाकट्याची फी भरू.’ लॉगिन परत मिळवलं, दाखला पुन्हा जोडला, प्राचार्यांना लेखी अर्ज दिला. अर्ज पुढे सरकला. त्या मुलीचं वर्ष एका पुसट कागदावर जाणार होतं.

चौथी गाठ टेबलांची. ‘सबमिट’ दाबलं की काम संपत नाही, तिथे सुरू होतं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाच्या कार्यालयात, मग पैसे. दर आठवड्याला स्थिती बघा. ‘परत पाठवला’ दिसलं तर कारण वाचा, दुरुस्त करा, मुदतीच्या आत पुन्हा पाठवा. कॉलेजकडेच पडून असेल तर क्लार्कला तोंडी विनवण्या करत बसू नका. साध्या कागदावर अर्ज क्रमांक, तारीख आणि अडचण लिहा, दोन प्रती काढा, एकीवर शिक्का घ्या. पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, तीही वापरा.

दाखल्यांचंही तसंच. तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलचा दाखला. ‘उद्या या’ ऐकत खर्डीहून शहापूरला किंवा धसईहून मुरबाडला पाच फेऱ्या मारल्या, तर मजुरी बुडते. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर त्याच कायद्याखाली अपील करता येतं. आवाज चढवायची गरज नाही, पोचपावती दाखवा आणि मुदत विचारा. तरीही उत्तर मिळालं नाही, तर दहा रुपयांत माहितीचा अधिकार आहेच.

हे सगळं कंटाळवाणं आहे, मला कबूल आहे. पण पैसे वेळेवर आले नाहीत तर घरात कुणाचं शिक्षण थांबतं? बहुतेक घरांत बहिणीचं. लग्नाची बोलणी सुरू व्हायला एक रिकामं वर्ष पुरतं. म्हणून मुलांनो, स्वतःचा अर्ज बघताना बहिणीचाही बघा. आणि मुलींनो, तुमचा पासवर्ड तुमच्याच वहीत असू द्या.

तुमच्यापैकी ज्याला हे जमतं, त्याने यंदा आपल्या मोहल्ल्यातल्या दोघांचे अर्ज शेवटच्या टेबलापर्यंत न्यावेत. ते दोघे पुढच्या वर्षी आणखी चौघांचे नेतील. अर्ज उघडण्याची वाट बघू नका, नावं आणि बँकेचं सीडिंग आज रात्रीच तपासा.