मांजराची फजिती, घरची व्यंगचित्रं

मलकापूर परिसरातल्या शेतकरी घरांत वेचणीनंतर खोलीत कापसाचा ढीग असतो. त्यात मांजर उडी घेतं आणि अंगभर कापूस चिकटवून बाहेर येतं. सगळे हसतात, मग विसरतात. असा प्रसंग मुलांसह कागदावर उतरवा. पाठकोऱ्या कागदावर तीन चौकोन आखा: आधी शांत घर, मग फजिती, शेवटी घरच्यांचे चेहरे. घाबरलेल्या मांजराचे कान मागे चपटे होतात, शेपटी फुगते. एवढं नीट दाखवलं की शब्द लागत नाहीत. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांनी शब्दांविना हास्यचित्रांनीच महाराष्ट्राला हसवलं. चित्राखाली तारीख घाला, कागद जपून ठेवा. मुलांची नजर तयार होते आणि मुक्या जिवाची भीतीही त्यांना कळू लागते.