आधी शिक्षण, मग शस्त्र, मग स्पर्धा
(नाशिक रोड येथे नवोदित पिस्तूल नेमबाज व त्यांच्या पालकांसमोर केलेले भाषण)



१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या गावच्या स्वप्नील कुसाळे याने पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत पदक मिळविल्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. या यशाचा आनंद साऱ्या महाराष्ट्राला झाला. परंतु नाशिककरांना तो काकणभर अधिक झाला. कारण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे स्वप्नीलने याच शहरात गिरविले, आणि पुढे ज्या मध्य रेल्वेत तो तिकीट तपासनीस झाला, त्या रेल्वेचे एक प्रमुख स्थानक आपल्या नाशिक रोडला आहे.

अशा यशाची वार्ता घरोघरी पोहोचली की पालकांच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो : “आमच्या मुलाला स्पर्धेत केव्हा उतरवावे?” प्रश्न स्वाभाविक आहे, पण माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की आपला मुलगा किंवा मुलगी कोणाकडे, काय आणि किती शिकली? स्वप्नीलला त्याच्या वडिलांनी २००९ साली राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल केले. तेथे पहिले वर्ष शारीरिक तयारीत गेले आणि त्यानंतर त्याने नेमबाजीची निवड केली. दाखल होण्याचे वर्ष २००९ आणि ऑलिंपिक पदकाचे वर्ष २०२४. या पंधरा वर्षांचा पाया त्या पहिल्या, कोणाच्याही नजरेत न भरणाऱ्या वर्षाने घातला, हे विसरून चालणार नाही.

आज मी आपणासमोर एकच गोष्ट मांडणार आहे. स्पर्धेचा प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी प्राथमिक शिक्षण पूर्ण झालेच पाहिजे. हे शिक्षण म्हणजे स्पर्धेच्या वाटेवरचा अडथळा नव्हे. तोच या खेळाचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

इतर खेळांत नवख्या खेळाडूची चूक बहुधा त्याच्यापुरती राहते. कबड्डीत चढाई फसली तर गडी बाद होतो; क्रिकेटमध्ये झेल सुटला तर चार धावा जातात. नेमबाजीत मात्र नवख्याच्या हातात एक हत्यार असते आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूस दुसरी मुले उभी असतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलातील ४.५ मिलिमीटरचा छर्रा दिसायला ज्वारीच्या दाण्याएवढा. पण तो डोळ्यात गेल्यास डोळा कायमचा निकामी होऊ शकतो. “त्यात काय, एअर पिस्तूल तर आहे!” हे वाक्य म्हणूनच या खेळात सर्वांत घातक आहे.

जगभर ‘प्रॅक्टिकल पिस्तूल’ या नावाचा एक क्रीडाप्रकार खेळला जातो. स्पर्धक धावत, वळत, आडोशाआडून वेगवेगळ्या लक्ष्यांवर नेम धरतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागून त्याचा क्रम ठरतो. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया येथे स्थापन झाली. वेगाला एवढे महत्त्व देणाऱ्या या खेळाचा नियम पाहा : पिस्तूल हातातून पडले, नळी ठरलेल्या सुरक्षित दिशेबाहेर वळली, किंवा पळताना बोट चापाच्या कड्यात राहिले, तर स्पर्धक तत्क्षणी संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. त्याचे आधीचे गुण कितीही असोत, ते उपयोगी पडत नाहीत. म्हणूनच अनेक देशांत नवोदिताला सुरक्षिततेचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून अशा स्पर्धेत उभे राहू देत नाहीत. जो खेळ वेगाचा, तोही आधी संयम शिकवितो.

आपल्याकडील मुले बहुधा दहा मीटर एअर पिस्तूलपासून आरंभ करतात. पुढे पंचवीस मीटर पिस्तुलाचा टप्पा येतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने याच प्रकारात २०१३ साली चँगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेचे सुवर्णपदक आणि २०१८ साली पालेंबांग येथे आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. या प्रकाराच्या जलद टप्प्यात खाली झुकविलेला हात उचलून तीन सेकंदांत एक नेम साधावा लागतो. तीन सेकंदांत विचार करायला सवड नसते; तेथे केवळ अंगी मुरलेले शिक्षण काम करते.

हे प्राथमिक शिक्षण म्हणजे नेमके काय, ते आता पाहू.

त्याचा पहिला भाग सुरक्षिततेचा. प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे समजून हाताळावे. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने असावी. नेम धरेपर्यंत बोट चापाला लागू नये. पिस्तूल खाली ठेवताना ते रिकामे असल्याची खात्री करून नळीत सुरक्षा-दोरी घालावी, म्हणजे दुरून पाहणाऱ्यालाही ते रिकामे असल्याचे कळते. ही चार वाक्ये पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. पण ती सवय होण्यास कित्येक आठवडे लागतात. हा फरक ज्याला कळला, त्याला शिक्षणाची गरज कळली.

दुसरा भाग हुकुमांचा. रेंजवर अधिकाऱ्याच्या आज्ञेवाचून काहीही घडत नाही. ‘स्टार्ट’ म्हटल्यावर आरंभ आणि ‘स्टॉप’ म्हटल्याबरोबर पूर्ण विराम. ‘स्टॉप’ नंतर सुटलेला नेम थेट काळ्या वर्तुळाच्या मध्यावर लागला तरी तो शून्य गुणांचा. नाशिक रोडच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. सिग्नल लाल झाला की गाडी कितीही उशिरा धावत असो, ती थांबते. जवळच देवळालीला तोफखान्याचे शिक्षण देणारी संस्था आहे. तोफ असो वा लहानसे पिस्तूल, आज्ञापालन आधी आणि मारा नंतर, हाच क्रम आहे.

तिसरा भाग तंत्राचा. दहा मीटर प्रकारात पिस्तूल एकाच हाताने धरावे लागते. दुसरा हात खिशात किंवा कमरेला. पायांतील अंतर, शरीराचा तोल, मुठीची पकड, श्वासाचे नियमन, चापावरील सावकाश वाढत जाणारा दाब आणि छर्रा सुटल्यानंतरही क्षणभर हात स्थिर ठेवणे, या साऱ्यांचा त्यात समावेश होतो.

यांपैकी एकच गोष्ट उदाहरणादाखल उलगडून सांगतो. नवशिक्याची नजर स्वाभाविकपणे लक्ष्यावर जाते; प्रशिक्षक मात्र ती पिस्तुलाच्या पुढच्या माशीवर ठेवायला सांगतात. हे का? समजा, पुढची माशी आणि मागची खाच यांत सुमारे बत्तीस सेंटिमीटर अंतर आहे. हात सरळ रेषेत एक मिलिमीटर सरकला, तर दहा मीटरवर छर्राही सुमारे एक मिलिमीटरच सरकतो. परंतु खाचेच्या मानाने माशी एक मिलिमीटर ढळली, तर छर्रा सुमारे तीन सेंटिमीटर दूर जातो! दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे अवघा साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे दहाचा नेम घसरून सातावर येतो. हाताचा थोडा कंप या खेळात क्षम्य आहे. माशी आणि खाच यांचा बिघडलेला मेळ क्षम्य नाही. ही गोष्ट कोणी सांगितली नाही, तर मुलगा वर्षभर हात स्थिर करण्याच्या नादी लागतो आणि गुण का वाढत नाहीत म्हणून खंतावतो. जाणता प्रशिक्षक ती पहिल्याच आठवड्यात सांगतो.

चौथा भाग नियमांचा. पिस्तूल दीड किलोपेक्षा जड नसावे; चापाचा दाब किमान पाचशे ग्रॅम असावा; स्पर्धेपूर्वी साहित्याची तपासणी होते. आरंभी तयारी व सरावाच्या नेमांसाठी पंधरा मिनिटे मिळतात आणि त्यानंतर पूर्ण स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर ७५ मिनिटांत ६० नेम घ्यावयाचे असतात, म्हणजे एका नेमाला सव्वा मिनिट. नवखे मूल घाईने तीस-पस्तीस मिनिटांत सारे संपवून मोकळे होते. बिघडलेला नेम टाळण्यासाठी हात खाली घ्यावा, विसावा घ्यावा आणि पुन्हा उचलावा, ही मुभा आहे हेच त्याला ठाऊक नसते.

पिस्तूल मध्येच बिघडले तर काय करावे, हेही आधीच शिकावे लागते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर हिचे पिस्तूल ऐन प्राथमिक फेरीत बिघडले; मोलाची मिनिटे गेली आणि तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. त्याच मनूने २०२४ साली पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके मिळविली. जगातील उत्तम नेमबाजावर जो प्रसंग येतो, तो आपल्या मुलावर पहिल्या दिवशी येणार नाही कशावरून? अशा वेळी गोंधळून पिस्तूल हाती घेऊन मागे वळणारे मूल आणि पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून शांतपणे हात वर करून अधिकाऱ्यास बोलावणारे मूल, यांतील अंतर म्हणजे प्राथमिक शिक्षण.

आता पालकांसाठी दोन शब्द. पुष्कळदा असे होते, की मुलाने हट्ट धरला म्हणून प्रथम पिस्तूल घेतले जाते, मग स्पर्धेचा अर्ज भरला जातो आणि शिक्षणाचा विचार सर्वांत शेवटी होतो. हा क्रम उलटा आहे. परदेशी बनावटीच्या स्पर्धायोग्य पिस्तुलाची किंमत लाखाच्या वर जाते. मुठीचा आकार, डावा-उजवा हात, मुलाच्या मनगटाची ताकद, हे सारे पाहून कोणते साहित्य घ्यावे हे प्रशिक्षकच सांगू शकतो. प्रारंभीचे महिने क्लबच्या पिस्तुलावर काढल्याने काहीच बिघडत नाही. उलट, मुलाची गोडी टिकते की नाही, याचीही परीक्षा होते. मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबातील मुलांना तर हाच मार्ग परवडणारा आहे.

कायद्याचीही एक बाजू ध्यानात घ्यावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीस बंदूक वा पिस्तूल बाळगता येत नाही. परंतु विहित वय व अटी यांच्या अधीन राहून प्रशिक्षणाच्या वेळी ते वापरण्याची मुभा त्याच कायद्याने दिली आहे. याचा अर्थ काय? तरुण हातातील बंदूक कायद्याला एकाच नात्याने मान्य आहे, आणि ते नाते विद्यार्थ्याचे आहे. हवाई शस्त्रांपैकीही ठराविक शक्तीवरील शस्त्रांना परवाना लागतो. म्हणून कोणतीही खरेदी करण्यापूर्वी नियमांची चौकशी अवश्य करावी. तसेच लग्नसमारंभात वा मिरवणुकीत हवेत गोळीबार करणे हा २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र अपराध ठरला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शस्त्राचा दिखावा आणि नेमबाजीचा खेळ यांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही, हे मुलांना घरातच शिकविले पाहिजे.

नाशिकला या शिक्षणाची परंपरा आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली येथे भोसला सैनिकी शाळा सुरू केली. अलीकडच्या काळात प्रशिक्षिका मोनाली गोऱ्हे यांनी या शहरातून पिस्तूल नेमबाज घडविण्याचे मोठे कार्य केले; २०२१ साली कोविडच्या साथीत त्यांचे निधन झाले. पदकविजेत्यांची नावे वृत्तपत्रांत झळकतात. त्यांना पहिल्यांदा पिस्तूल धरायला शिकविणाऱ्यांची नावे क्वचितच छापली जातात. अशा गुरुजनांचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग आहे. त्यांच्यासारख्यांकडे आपल्या मुलांना वेळेवर पाठवावे आणि त्यांनी ‘अजून नाही’ म्हटले, तर ते ऐकावे.

अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी प्रशिक्षकास चार प्रश्न विचारावेत. माझे मूल सुरक्षिततेचे नियम न सांगता पाळते काय? रेंजवरील प्रत्येक हुकूम त्यास समजतो काय? पूर्ण वेळेची सराव-स्पर्धा त्याने एकदा तरी दिली आहे काय? आणि वाईट नेमानंतर ते पुढचा नेम शांतपणे घेऊ शकते काय? चारही उत्तरे होकारार्थी आली, तर गुणांची चिंता न करता खुशाल अर्ज भरावा. एकही उत्तर नकारार्थी आले, तर पुढच्या स्पर्धेची वाट पाहावी. स्पर्धा दरवर्षी होतात.

आणि युवक मित्रहो, पहिल्या स्पर्धेत तुमचे गुण कमी पडले तर खेद मानू नका. तेथे तुमच्या नेमाची परीक्षा थोडी आणि तुमच्या लक्षाची, शिस्तीची आणि शेजाऱ्याविषयीच्या जबाबदारीची परीक्षा अधिक असते. आपल्या गावातील नोटांच्या छापखान्यात एकेक कागद मोजून दिला जातो आणि मोजून घेतला जातो; तेथे काम करणाऱ्यांची ती शिस्त या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. साठ छर्रे मोजून घेणाऱ्या आणि प्रत्येकाचा हिशेब स्वतःशी प्रामाणिकपणे ठेवणाऱ्या मुलांनाही तीच शिस्त अंगी बाणवावयाची आहे. जो स्पर्धक पहिल्या दिवशी एकही सूचना न मोडता, कोणासही धोका न पोहोचविता, आपले साठ नेम पुरे करून पिस्तूल रिकामे करून पेटीत ठेवतो, तो गुणफलकावर शेवटचा असला तरी नेमबाज झाला असे मी मानतो.

आधी शिक्षण, मग शस्त्र, मग स्पर्धा, हा क्रम आपण सर्वांनी मनावर घ्यावा.