कोऱ्या कागदावरची सही

(युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय.)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण मी कविता घरी ठेवून आलोय. खिशात एक झेरॉक्स आहे, ती दाखवतो. वर टाइप केलंय : 'वस्तीतील रहिवाशांच्या सभेत सर्वानुमते मंजूर.' खाली ४१ सह्या. १७वी सही माझी. अक्षर बघा कसं वळणदार. मॅट्रिकला मराठीत ७३ मार्क होते, उगाच नाही.

काय मंजूर झालं? वस्तीच्या तोंडाशी कमान आणि बोळात पेव्हर ब्लॉक. कमानीवर नाव बाबासाहेबांचं. आता बोला! खाली 'सौजन्य' म्हणून भाऊंचा फोटो, नावापेक्षा मोठा. भाऊ कोण ते विचारू नका. तुमच्या वस्तीतही एक आहे.

आमच्याकडं १२ संडास. पाचांना दारं नाहीत, तीन तुंबलेले. बाया पहाटे चारला टमरेल घेऊन रांगेत. त्या रांगेत माझी आई. आणि तिच्या पोरानं कमानीला संमती दिली.

कशी दिली ते सांगतो. मी गोदीत ठेकेदाराच्या टोळीत, हजेरीवर. त्या दिवशी पाळी संपवून आलो तर अंगाचा नुसता भुगा. समाजमंदिरात खुर्च्या मांडलेल्या, चहा आलेला. एक पोरगा कागद फिरवत होता. "हजेरी आहे, सही करा." वर कोरं होतं. केली. त्या कोऱ्या जागेत पुढच्या आठवड्यात ठराव उगवला. मी आरडाओरडा केला तर वस्तीतलीच पोरं म्हणाली, "बाबासाहेबांच्या नावाला विरोध करतोस काय?" माझी बोलती बंद.

आईला झेरॉक्स वाचून दाखवली. ती म्हणाली, "आरं, कविता छापून येती तवा कानामात्रा बगत बसतोस. आन् हितं कोऱ्या कागदावर सही केलीस व्हय?"

वर्ष झालं, हे वाक्य डोक्यातून जात नाही. आज जे बोलतोय ते सगळं त्या वाक्यातून निघालंय.

सरकारला, पुढाऱ्यांना, संस्थावाल्यांना एक शब्द फार आवडतो. लोकसहभाग. माझा सहभाग या झेरॉक्सवर आहे, १७ नंबरला. विषय कुणी काढला, पैसा किती, कुठल्या खात्यातला, कामाचं मोजमाप कोण घेणार, हे सगळं सभेच्या आधी तरी ठरतं नाहीतर सभेनंतर. सभेत फक्त चहा.

गोदीतला माणूस हे लवकर ओळखतो. जहाजातून माल उतरतो तेव्हा टॅली क्लार्क वहीत मांडतो, किती नग आले, किती फुटले, किती कमी भरले. आम्ही उचलतो, तो मांडतो. पाठ कुणाचीही मोडो, खरं ते वहीतलं. पूर्वी तोलीवाले होते. माणसं तेच पुरवायचे, मजुरी त्यांच्याच हातातून. कामगार लढले, १९४८चा कायदा झाला, १९५१ साली मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. त्या बोर्डात सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. म्हणजे पहिल्यांदा कामगाराचा माणूस वहीजवळ बसला. पाळी कुणाला मिळणार, दर काय, हे त्याला विचारल्याशिवाय ठरेना. १९९४ साली ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आज माझ्यासारखा हजेरीवरचा गडी कुठल्याच वहीजवळ नाही. २०२१च्या कायद्यानं झालेल्या बंदर प्राधिकरणाच्या मंडळात कर्मचाऱ्यांच्या हितासाठी दोन जागा आहेत. पण त्या प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांसाठी. मी कर्मचारी ठेकेदाराचा. माझी टॅली ठेकेदार मांडतो.

असो. गोदीवर बोलायला लागलो की मी थांबत नाही. मुद्दा वहीचा आहे.

महाड तुम्हांला मी सांगायला नको. पण एक गोष्ट आपण घाईत वाचतो. १९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही ठराव केला, चवदार तळं खुलं. म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था आपल्या बाजूनं होती, कागदावर. आणि १९२७च्या २० मार्चपर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता. हात लागला तेव्हा डोकी फुटली. मग त्याच नगरपालिकेनं ऑगस्ट १९२७मध्ये आपलाच ठराव फिरवला. साला, तळं तेच, नगरपालिका तीच, फक्त आपण ओंजळ भरली होती! शेवटी १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला.

आता मुंबईत या. बेकायदा ठरवलेल्या झोपडपट्टीला नळ नाही, असा कारभार. पाणी हक्क समिती कोर्टात गेली. डिसेंबर २०१४मध्ये हायकोर्टानं सांगितलं, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. महाड १९३७, मुंबई २०१४. दोन्ही वेळा पाणी कोर्टातून आलं. ज्या सभागृहात आपली मतं घेऊन माणसं बसतात तिथून नाही आलं. हे जरा डोक्यात राहू द्या.

म्हणून कुणी म्हणालं, सत्ता खाली द्या, लोकांच्या हाती द्या, की मी आधी विचारतो, कुठल्या लोकांच्या? बाबासाहेबांनीही हेच विचारलं होतं. १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतीचं बिल आलं तेव्हा ते विरोधात उभे राहिले. जातीनं बरबटलेल्या गावाच्या हाती न्यायनिवाडा दिला तर आमच्या माणसाचं काय होणार, हा त्यांचा सवाल. राखीव प्रतिनिधित्व द्या, मग बोला. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत सगळे गावाच्या आरत्या ओवाळत होते, तेव्हा त्यांनी गावाची जी सालटी काढली ती वाचा. विद्वान लोक त्यावरून म्हणतात, आंबेडकर विकेंद्रीकरणाच्या विरोधात. मला नाही पटत. ज्यानं गाव भोगलंय त्याला माहीत असतं की दिल्लीचा जुलूम लांबून येतो आणि पाटलाचा जुलूम रोज दारात. सत्ता खाली आणायची तर ती पाटलाच्या वाड्यावर अडकू नये, एवढंच त्यांचं म्हणणं, असं मी समजतो. आपल्या वस्तीत वाडा नाही. भाऊंचं ऑफिस आहे.

बरं, कायद्यात काय आहे? ७४वी घटनादुरुस्ती. १ जून १९९३पासून लागू. दलितांना लोकसंख्येप्रमाणे राखीव जागा, बायांना किमान एक तृतीयांश, तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या. बाराव्या परिशिष्टात १८ कामं, त्यात झोपडपट्टी सुधारणाही आहे, आणि सार्वजनिक सोयीसुविधांत संडासही. वाचून छाती फुगते. पण मी कवी आहे, क्रियापद बघतो. राज्याचं विधिमंडळ नगरपालिकेला अधिकार 'देऊ शकेल'. 'देईल' नाही, 'देऊ शकेल'. या 'शकेल'मध्ये तीस वर्षं गेली.

२००९ साली महाराष्ट्रानं क्षेत्रसभा कायद्यात आणली. नगरसेवकाच्या खालची, मतदान केंद्रांच्या हिशेबानं भरणारी लोकांची सभा. गावाला ग्रामसभा तशी शहराला ही. तुमच्यातल्या किती जणांनी क्षेत्रसभा भरलेली बघितलीय? हात वर करा.

(हात वर झाले नाहीत.)

मीही नाही. आणि समजा उद्या भरली. सभेनं सुचवायचं, पैसा तिच्या हातात नाही. सभासद कोण, तर ज्याचं त्या भागातल्या मतदार यादीत नाव. माझ्या टोळीतल्या निम्म्यांची नावं गावच्या यादीत. मराठवाड्यात मतदार, मुंबईत हमाल. त्यांचा संडास कुणी सुचवायचा?

वर तरी काय चाललं होतं? मुंबईच्या २२७ नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ला संपली. पुढची निवडणूक जानेवारी २०२६मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. २०२५-२६चं बजेट ७४ हजार ४२७ कोटींचं, देशातल्या सगळ्यांत श्रीमंत पालिकेचं, आणि मंजूर झालं तेव्हा सभागृहात एकही निवडून आलेला माणूस नाही. मोर्चे निघाले? शहर बंद झालं? नाही. का? कारण आपल्या वस्तीला फरकच कळला नाही. यातली शरम त्यांचीही आहे आणि आपलीही.

पूर्व किनाऱ्यावर आणखी एक गंमत. गोदीची जमीन साडेसातशे हेक्टरच्या आसपास, त्यावर बंदरं, गोदामं, झोपड्या. २०१८ साली राज्यानं पोर्ट ट्रस्टलाच त्या जमिनीचं विशेष नियोजन प्राधिकरण केलं. म्हणजे तिथला माणूस मत देतो नगरसेवकाला आणि त्याच्या जमिनीचा नकाशा काढतो मत न घेता बसलेला साहेब. हरकती मागवतात, होय. हरकत लिहायला नकाशा वाचता आला पाहिजे. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला चार रात्री लागतात. आईला कोण देणार चार रात्री?

म्हणून मी शोधत होतो, कुठं वही लोकांच्या हातात गेलीय का. एक बंदराचंच शहर सापडलं, ब्राझीलमधलं पोर्तो अलेग्रे. तिथं वर्कर्स पार्टी निवडून आली आणि १९८९पासून शहराच्या बजेटमधली नवी कामं लोकांच्या सभांतून ठरायला लागली. शहराचे १६ विभाग, प्रत्येकात सभा, सभेतून निवडलेले प्रतिनिधी, त्यांचं मंडळ. पण मला आवडला तो त्यांचा गुणांचा नियम. विभागात डोकी किती, हे मोजायचे. लोकांना आधी काय हवंय, हेही मोजायचे. आणि तिसरं, जिथं गटार नाही, पाणी नाही, रस्ता नाही, त्या कमतरतेलाच गुण. जेवढं नाही तेवढे गुण जास्त! नुसत्या हात वर करण्यावर सोडलं असतं तर मूठभर वस्त्या कायम हरल्या असत्या. आपण वॉर्डावॉर्डात मूठभरच आहोत, म्हणून हे मी जपून ठेवलंय. स्वर्ग नव्हता तो. २०१७ला तेही थांबवलं गेलं. पण जवळजवळ तीस वर्षं टिकलं.

मग आम्ही काय केलं? मोठं काही नाही. चौघं मिळून वस्तीची टॅली मांडली. नळ किती, पाणी किती वाजता, दारं नसलेले संडास किती, दिवे किती. घराघरात जाऊन. भाड्यानं राहणारे धरले, गावच्या यादीतले धरले, फुटपाथवरची तीन कुटुंबं धरली. आई सोबत आली. ती नसती तर बाया आमच्याशी संडासाबद्दल बोलल्याच नसत्या. कमानीचा खर्च माहितीच्या अधिकारात मागितलाय. उत्तर आलेलं नाही. भाऊंचा पोरगा परवा विचारून गेला, "कवी, तुला तिकीट पायजे काय?"

रविवारी रात्री साडेदहाला सभा आहे. दुसरी पाळी सुटल्यावर, म्हणून एवढी उशिरा. समाजमंदिराची चावी भाऊंकडं आहे, तेव्हा संडासासमोरच. चहा नाही. नवी नोंदवही घेतलीय. पहिल्या पानावर विषय लिहून ठेवलाय : १२ संडास, ५ दारं, आणि खाली आडवी रेघ मारलीय. सह्या रेघेच्या खाली. आई सही करत नाही, अंगठा देते. ती म्हणाली, "वरचं मला दोनदा वाचून दाखव, मग." तुमच्यातलं कुणी जवळपास राहत असेल तर या. येताना शाई आणा.