धसका घेतलेलं मूल



आपण दादरला बसलो आहोत. इथून नागपाडा काही फार लांब नाही. तिथल्या ‘नेबरहूड हाउस’मध्ये १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झालं. आज देवनारला आहे ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणजे तेच. पदवीनंतर समाजकार्य शिकवणारी देशातली ही पहिली शाळा. दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिने बालमार्गदर्शन केंद्र काढलं. बिथरलेल्या, बुजलेल्या मुलाला छडी न दाखवता त्याच्या घरची हकीगत ऐकून घ्यायची, ही रीत या शहरात तेव्हाच आली. श्रमिकांच्या वस्तीत तिचा उगम झाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

अशा मुलांच्या दुखण्याला आज ‘विकासात्मक आघात’ म्हणतात. आघात म्हटलं की आपल्याला अपघात आठवतो, आग आठवते. हा आघात तसा एका दिवसाचा नसतो. दचकलेल्या बाळाला कोणीतरी कुशीत घेतं, आणि तेवढ्याने त्याच्या शरीरातला गजर थांबतो. असं हजार वेळा झालं, की ते मूल पुढे स्वतःला सावरू शकतं. पण ज्याच्या कुशीत शिरायचं, भीती त्याचीच असेल तर? दहा बाय बाराच्या खोलीत रोज रात्री मारझोड होत असेल तर? गजर चालूच राहतो. झोप उडते, अक्षरं डोक्यात शिरत नाहीत. शाळा अशा मुलाला ‘मठ्ठ’ म्हणते, नाहीतर ‘वांड’. ते धसका घेतलेलं आहे, हे आजीला कळतं. ‘धसका’, ‘बुजणं’, ‘हबकणं’ हे शब्द लालबागच्या चाळीत आधीपासून आहेत. एम.ए.च्या वर्गात मात्र ते क्वचितच ऐकू येतात, आणि माझी खंत तीच आहे.

१९९८ मध्ये फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणीची होरपळ आणि मोठेपणीचे हृदयविकार, नैराश्य, व्यसनं यांचा संबंध त्यांनी हजारो माणसांच्या माहितीवरून दाखवला. काम थोर आहे. पण त्यांच्या प्रश्नावलीत संपाचा प्रश्न नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. बापाचा पगार थांबला, आईने खानावळ चालवली, भांडीकुंडी गहाण पडली. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आज पन्नाशीला आली आहेत. त्यांच्या घरातल्या त्या शांततेला कोणत्या रकान्यात घालायचं? १९९२-९३ च्या दंगलीत कानावर हात ठेवून बसलेल्या मुलांना कोणत्या? जागतिक आरोग्य संघटनेने पुढे आपल्या प्रश्नावलीत वस्तीतल्या हिंसेचा समावेश केला, हे चांगलं झालं. तरी प्रश्न मराठीत, ओट्यावर बसून, घाई न करता विचारावा लागतो.

शास्त्रातही सगळं मिटलेलं नाही. मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक यांनी २००५ मध्ये असा आघात सोसलेल्या मुलांसाठी वेगळ्या निदानाची मागणी केली. मनोविकारांच्या २०१३ च्या अमेरिकन निदानसूचीत त्या निदानाला जागा मिळाली नाही. म्हणूनच मला वाटतं, हा विषय शिकणाऱ्याने पुस्तकांइतकाच वेळ क्षेत्रकार्याला द्यावा. एकाच घरी पुन्हा पुन्हा जावं. चौथ्या खेपेला आई चहा ठेवते आणि बोलू लागते. पहिल्या खेपेला भरलेला अर्ज तेव्हा खोटा ठरतो. आणि शिकणाऱ्यालाही कोणीतरी ऐकणारं हवं. रोज असं ऐकून घरी जाणारी बावीस वर्षांची मुलगी स्वतः खचू शकते. तिला जाणत्या मार्गदर्शकासमोर नियमित बसवणं हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला पाहिजे.

समोर बसलेल्या आईवडिलांना माझी विनंती आहे. तुमची मुलगी मानसशास्त्रात बी.ए. होऊन म्हणाली, ‘मला या मुलांचं काम शिकायचंय’, तर ‘पगार किती?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी तिला आपल्याच चाळीतल्या त्या गप्प बसणाऱ्या पोराकडे घेऊन जा.